भरती साडेअकरा वाजता ठेवण्यात यावी

‘पाहणीच्या दिवशी भरती सकाळी साडेअकरा वाजता ठेवण्यात यावी व तसे या कार्यालयास उलटटपाली कळवावे.’

हे पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, म्हणून वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. मग चष्मा लावून. तिसऱ्यांदा सुचित्राला, म्हणजे माझ्या पत्नीला, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ओटीवर सुपारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग ठेवा की. एवढं साहेब म्हणतायत तर."

एका मोठ्या कारखान्यात बत्तीस वर्षं विजेच्या खात्याचा सुपरवायझर म्हणून काढलेल्या माणसाशी त्याच्या स्वतःच्या ओटीवर असं बोललं जातं. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. निवृत्त माणसानं तक्रारी करायच्या नसतात, त्या ऐकायच्या असतात. हरणखारला येऊन राहिल्यापासून मी मुख्यतः मिक्सरच्या तक्रारी ऐकतो. सगळं गाव मला तात्या म्हणतं आणि सगळ्या गावाचे मिक्सर माझ्याकडे येतात. मी पाच-पाचशे अश्वशक्तीच्या मोटारी सांभाळल्या आहेत हे मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. त्यावर शेजारच्या गोदूवहिनी म्हणाल्या, "मग ह्यो लहानसा मिक्सर तुमाला लगेच जमंल."

आमचं हरणखार नागावहून खाडीच्या अंगानं थोडं आत आहे. एका बाजूला आमच्यासारख्यांच्या नारळी-सुपारीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि भातशेती व खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधाला एका ठिकाणी उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला फळ्या वर घ्यायच्या, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत निघून जातं. भरतीचं पाणी उघाडीच्या भिंतीवरच्या लाल खुणेला लागलं की फळ्या सोडायच्या, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. हे काम चाळीस वर्षं धर्माजी करतो. चोवीस तासांत दोनदा, सुट्टी नाही.

धर्माजीकडे घड्याळ आहे, पण ते तो फक्त लग्नाला जाताना घालतो. त्याचा हिशोब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणकी करायची. म्हणजे अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहा वाजता पूर्ण भरती. प्रतिपदा असेल तर एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. त्यातून दीड तास मागं यायचं आणि मग जेवायला बसायचं. हात धुऊन उठलं की पाणी खुणेला लागलेलं असतं. "जेवायला का बसायचं?" असं मी एकदा विचारलं होतं. "समुद्रावरची भरती हितं खाडीत पोचायला येळ नको काय?" धर्माजी म्हणाला. "तंवर मानसानं करायचं काय?"

मागच्या वर्षी श्रावणात धर्माजीला रात्रीच्या भरतीला डोळा लागला. सत्तरी उलटलेला माणूस, दिवसभर ताप अंगात होता. सहा घरांच्या शेतात खारं पाणी शिरलं आणि भात जागच्या जागी पांढरं पडलं. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि त्याचं त्याला जास्त लागलं. तेव्हापासून तो रात्री आडवा होत नसे, पडवीत भिंतीला टेकून बसे.

त्याची नात तेजस्वी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे. तिनं हे रोज पाहिलं आणि एके दिवशी शाळेत विचारलं, "पाणी स्वतःच घंटा वाजवेल असं काय करता येईल?" मुख्याध्यापिका शिवानी मॅडम मूळच्या माणगावच्या, उत्साही बाई. त्या तिला घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. त्या दिवशी प्रथमच माझ्या ओटीवर मिक्सर सोडून दुसरं काही आलं होतं, त्यामुळे मी जरा जास्तच जोरात हो म्हणालो.

आता शाळेचं सांगतो. सहावी-सातवी मिळून सतरा मुलं. वीस हवीत, नाहीतर वर्ग बंद करून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत पाठवायचे, असा कागद येऊन पडला होता. त्या शाळेच्या वेळेला एसटी नाही. तेजस्वीचा बाप साहिल नवी मुंबईत कंपनीत आहे. त्यानं कामोठ्याच्या शाळेचा प्रवेश अर्ज आणून घरात ठेवला होता. वर्ग बंद झाले की तेजस्वी तिकडे जाणार, आणि धर्माजी व त्याची बायको रंगू मागं राहणार. तेजस्वीला जायचं नव्हतं. "आजोबाला उठवणार कोण?" एवढंच ती म्हणे. याच सुमाराला सरकारची एक योजना निघाली. ज्या शाळेत मुलांनी स्वतः चालतं यंत्र बनवलंय, तिथे विज्ञान केंद्र मिळणार, आणि ज्या शाळेला केंद्र मिळेल तिचे वर्ग बंद होणार नाहीत. अट एकच. साहेब प्रत्यक्ष येऊन पाहणार, आणि यंत्र त्यांच्यासमोर चाललं पाहिजे.

यंत्र साधं होतं. उघाडीच्या बाहेरच्या अंगाला, खाडीकडे, सहा इंची पाइप उभा केला. त्याचं वरचं तोंड बांधाच्या माथ्यावर गुडघाभर वर येत होतं. पाइपात थंड पेयाच्या दोन लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या एकावर एक बांधून सोडल्या आणि वरच्या बाटलीला एक काठी जोडली. पाणी चढलं की बाटल्या तरंगत वर येणार, काठी पाइपाच्या तोंडातून बाहेर डोकावणार आणि वर बसवलेल्या खटक्याला लागणार. खटका लागला की मोटरसायकलच्या बॅटरीवर घंटा वाजणार. घंटा माझ्या जुन्या कारखान्यातली, पाळी सुटल्याची. ती भंगारात निघाली होती तेव्हा मी आठवण म्हणून मागून घेतली होती.

चाळीस दिवस तेजस्वीनं वहीत नोंदी ठेवल्या. एका रकान्यात आजोबाची पाऊणकी, दुसऱ्यात पाणी खुणेला लागल्याची खरी वेळ. आजोबाचं जेवण तिनं घड्याळ लावून मोजलं. ते पंचवीस मिनिटांचं निघालं, चाळीस दिवसांत दोन मिनिटांपलीकडे फरक नाही. "सणाच्या दिवशीही?" मी विचारलं. "सणाला तो वाढून घेतो, पण भराभर खातो," ती गंभीरपणे म्हणाली.

एवढं झाल्यावर मी योजनेचा अर्ज भरला. कार्यालयानं पाहणीची तारीख दिली, ती नेमकी भाद्रपद वद्य अष्टमी. वेळ सकाळी साडेअकरा. आठ पाऊण सहा. म्हणजे साडेअकराला खाडीत चिखल, आणि चिखलात खेकडे. मी सविनय कळवलं की त्या दिवशी त्या वेळी ओहोटी असल्यानं यंत्र चालताना दिसणार नाही. त्यावर जे उत्तर आलं ते सुरुवातीलाच दिलं आहे.

गावात पत्राची बातमी पसरायला पोस्टमन पुरला. संध्याकाळी माझ्या ओटीवर सभा भरली. सरपंच सुजित म्हणाला, "तात्या, त्यात काय एवढं? बादल्यांनी पाइपात पानी ओतू. साहेबाला काय कळतंय?" मी म्हणालो, ही फसवणूक आहे. सुजित म्हणाला, "फसवनूक कशी? पानी खाडीचंच घेऊ." गोदूवहिनींचा मुलगा चिराग म्हणाला की भरतीची चित्रफीत काढून साहेबांना मोबाइलवर पाठवू. खुद्द गोदूवहिनींनी विचारलं की एवढी मोठी नोकरी केली तर वर कुठे ओळख नाही का. वर म्हणजे किती वर हे मी विचारलं नाही. चंद्रापर्यंत माझी ओळख नाही.

मी उत्तर लिहिलं. ‘भरतीची वेळ या शाळेच्या अखत्यारीत येत नसल्याने ती बदलणे शक्य नाही. तथापि सर्वपित्री अमावास्येस दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती असल्याने, तो दिवस साहेबांच्या सोयीचा आहे किंवा कसे, हे कळावे.’ हे वाक्य लिहून मला इतकं समाधान झालं की मी ते सुचित्राला दोनदा वाचून दाखवलं.

कार्यालयाची हरकत नव्हती, पण सुजितची निघाली. "अमावास्या, आनि त्यात सर्वपित्री! त्या दिशी कुनी पाहुना बोलावतो काय? कावळ्याला बोलावतात." शिवानी मॅडमनी कॅलेंडर काढलं. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, घटस्थापना. शुभ दिवस, सरकारी सुट्टी नाही. एक पाऊण पाऊण. पाऊण वाजता समुद्रावर पूर्ण भरती. दीड तास मागं, सव्वाअकरा. त्यात धर्माजीचं जेवण मिळवलं की अकरा चाळीसला पाणी लाल खुणेला. साहेबांच्या साडेअकराला इतकी जवळ दुसरी भरती शोधून मिळाली नसती. कार्यालयानं मान्यता दिली. समुद्रानं सरकारचं ऐकलं असं गावात बोललं जाऊ लागलं, आणि त्याचं श्रेय मला मिळत होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

आदल्या दिवशी मी धर्माजीच्या घरी गेलो आणि एक वचन मागितलं. हे सगळ्या प्रकरणातलं माझं सर्वांत मोठं चुकलेलं काम, म्हणून नीट सांगतो. मी म्हणालो, "धर्माजी, उद्या घंटा वाजल्याशिवाय फळ्यांना हात लावायचा नाही. आधी घंटा, मग फळ्या. साहेबांना क्रम दिसला पाहिजे."

धर्माजीनं दारातून शेताकडे पाहिलं. शेतात भात निसवलं होतं. भरल्या लोंबीत खारं पाणी गेलं तर काय होतं हे त्याला मी सांगायला नको होतं. "आनि न्हाय वाजली तर?" त्यानं विचारलं.

"वाजेल," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. रंगूनं हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं.

घटस्थापनेच्या सकाळी नऊ वाजता मी यंत्र तपासलं. काठी हातानं वर उचलली, घंटा वाजली. मग मी बांधाखाली घातलेल्या मांडवाकडे गेलो. तिथे सतरंजी, माइक आणि साहेबांची खुर्ची यांवरून जे काही झालं ते सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो, की साहेबांची खुर्ची माझ्या घरातली होती आणि ती माझ्याशी विचारविनिमय न करता गेली होती.

साहेब साडेअकराला दहा कमी असताना आले. वाघमोडे त्यांचं नाव, सोलापूरकडचे, जिल्ह्यात बदलून येऊन तीन महिने झालेले. उंच, सावळे, फार कमी बोलणारे गृहस्थ. हातात एक छापील तक्ता. खाडीकडे बघत ते म्हणाले, "हे पाणी रोज येतंय, होय?"

"दिवसातून दोनदा," शिवानी मॅडम म्हणाल्या.

"आमच्याकडं पाणी एकदा गेलं की येत नाही," साहेब म्हणाले आणि पुढं चालू लागले.

आम्ही बांधावर पोचलो आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. माझा पाइप बांधाच्या माथ्यावर जिथून वर येतो तिथं काळी माती रचलेली होती. मातीत धान्य पेरलेलं होतं. पाइपाला झेंडूची माळ होती. आणि पाइपाच्या तोंडावर तांब्याचा कलश बसवलेला होता, भोवती ओल्या मातीचं लिंपण, कलशात आंब्याची पानं आणि पानांवर नारळ. खटका वर नुसताच बघत होता. शेजारी रंगू हात जोडून उभी होती.

मी कसाबसा म्हणालो, "रंगू, हे काय केलंस?"

"घट बशिवला," ती म्हणाली. "घरचा घट घरात. ह्यो पोरीच्या यंत्राचा. मातीत उभा हाय, पोटात पानी हाय, तोंड वर हाय. ह्याला घट न्हाय म्हनायचं तर काय म्हनायचं? पोर हितंच ऱ्हाऊ दे, म्हनून बोलले देवीला."

मी पुढं झालो. तिनं हात आडवा केला. "तात्या, नऊ दिस हलवायचा न्हाय. तुमाला ठावं हाय ना?"

मला ठाऊक होतं. माझ्या घरीही सकाळी सातला घट बसला होता. मी विज्ञानाची बाजू घेऊन दोन शब्द बोलणार होतो, एवढ्यात मागून सुचित्रा दिसली. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. सरपंचांनी चपला काढून नमस्कार केला. त्यांचं बघून गावानं केला. साहेबांनीही बूट काढले, नमस्कार केला आणि म्हणाले, "असू द्या. श्रद्धेचा विषय आहे. आपण पाहणी करू." नारळ पाहणीच्या आड येतोय हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं काम माझं होतं आणि मी सुचित्राच्या नजरेसमोर होतो.

अकरा चाळीस झाले. पाणी लाल खुणेला लागलं. काठी आत कलशाच्या बुडाला टेकली असणार. घंटा वाजली नाही.

सगळं गाव घंटेकडे पाहत होतं. ती मांडवाच्या खांबाला, माइकशेजारी टांगली होती. कारखान्यात तिच्या आवाजावर आठशे माणसं घरी जात. आज ती मुकाट होती. उघाडीच्या दारातून पाण्याची पहिली जीभ शेताकडे वळली.

धर्माजीला मानाची खुर्ची दिली होती, डोक्याला नवी टोपी होती. पाहुणे येणार म्हणून त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो शांतपणे उठला.

"धर्माजी, थांब," मी म्हणालो. "घंटा..."

"तात्या, माझं जेवन झालं," तो म्हणाला.

आणि तो उघाडीवर चढून एकेक फळी खाचेत सोडू लागला. चार फळ्या, चार आवाज. शेताकडे वळलेलं पाणी थांबलं. मला दिलेलं वचन त्यानं मोडलं होतं, आणि त्याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे. तेवढ्या वेळात मी काय करत होतो, तर घंटेकडे बघत उभा होतो.

साहेबांनी तक्ता उघडला. एका ओळीवर बोट ठेवलं आणि पेनचं टोपण काढून मोठ्यानं वाचलं, "‘यंत्र चालू स्थितीत आढळले काय? होय किंवा नाही.’" मग मॅडमकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला जे दिसतंय तेच लिहावं लागतं. खाली बघा, खाडाखोड ग्राह्य नाही असं छापलंय." त्यांनी ‘नाही’ असं लिहिलं. शिवानी मॅडमनी तोंड फिरवलं. रंगूच्या ध्यानात तेव्हा काय झालंय ते आलं. तिचे जोडलेले हात तसेच राहिले, पण ती घटाकडे बघेना, नातीकडे बघू लागली.

तेजस्वी वही घेऊन पुढं आली. रडत नव्हती. तिच्या कपाळावर आठी होती, गणित अडलं की येते तशी.

"सर, यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "आम्ही नारळाचं वजन धरलं नव्हतं."

"मग?" साहेब म्हणाले.

"आजीचा तांब्या पाण्यासकट सव्वा किलो. मी रोज भरते. नारळ पाऊण किलो. दोन किलो झाले. बाटली वीतभर जास्त बुडाली की दोन किलो उचलते, आम्ही दुकानातल्या काट्यावर करून बघितलंय." तिनं वहीचं पान दाखवलं. "या तिथीला पाणी वीतभर चढायला पंधरा-सतरा मिनिटं लागतात. मातीचं लिंपण आहे, पण ते ओलं आहे. सर, घट कुणी हलवायचा नाही. पाणी हलवेल. अकरा सत्तावन्नपर्यंत थांबाल का?"

हे मला सुचायला हवं होतं. बाटल्या मीच जमवल्या होत्या, काट्यावरचा प्रयोग माझ्यासमोर झाला होता. बत्तीस वर्षांचा अनुभव त्या पाच मिनिटांत कुठे गेला होता कोण जाणे.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढची पाहणी होती, ड्रायव्हर गाडीपाशी हात दाखवत होता. ते वहीची पानं उलटू लागले. पाऊणकी, खरी वेळ, फरक. पाऊणकी, खरी वेळ, फरक. चाळीस दिवस. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "हे काय? ‘आजोबाचं जेवण, पंचवीस मिनिटं’?"

तेजस्वीनं सांगितलं. साहेबांनी उघाडीवर उभ्या असलेल्या धर्माजीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "थांबतो."

सगळं गाव पाण्याकडे बघत राहिलं, सुजितसुद्धा. पाणी चढत होतं. उघाडीच्या दगडांवरचं शेवाळ एकेक बोट बुडत होतं. अकरा पन्नास. अकरा चौपन्न. गोदूवहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तात्या, माझा मिक्सर कधी देनार?" अकरा सत्तावन्न झाले आणि काहीच झालं नाही. मी मान खाली घातली.

लिंपणाला एक चीर गेली. ती मी पाहिली नाही, तेजस्वीनं पाहिली. "हललं," ती म्हणाली. तांब्या एका बाजूनं अगदी सावकाश उचलला गेला, कलता झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग नारळ सुटला. बांधाच्या उतारावरून गडगडत तो साहेबांच्या पायाशी येऊन थांबला. साहेबांची सवय अशी, की समोर नारळ आला की दोन्ही हात पुढं होतात. त्यांनी तो उचलून छातीशी धरला. त्याच वेळी काठी सळकन वर आली, खटका लागला, आणि माझी घंटा वाजली.

ती कशी वाजली म्हणून सांगू! वाड्यांमधले कावळे उडाले. पोरं नाचायला लागली. शिवानी मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. रंगूनं कलंडलेल्या तांब्याला हात लावला नाही. ती पाण्याकडे बघून म्हणाली, "मी न्हाय हलवला. कुनीच न्हाय हलवला. देवीनंच उतरवला." आणि तिथंच बांधावर डोकं टेकलं.

सरपंचांचं भाषण व्हायचं होतं, पण घंटा थांबेना. खटक्याला बंद करायची सोय ठेवायला मी विसरलो होतो. पाणी खुणेखाली उतरेपर्यंत, म्हणजे अजून अडीच-तीन तास, ती वाजत राहणार होती. सुजितनं माइकवर जे काही म्हटलं ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्याबद्दल गावानं पुढं मला खासगीत धन्यवाद दिले. शेवटी मी बॅटरीची तारच उपटली.

साहेब नारळ काखेत धरून तक्त्यावर वाकले होते. ‘नाही’ खोडता येत नव्हतं. त्याच्या शेजारी शेरा म्हणून एक अरुंद रकाना होता. त्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘नारळ उतरताच यंत्र चालू. नारळ केव्हा उतरेल हे विद्यार्थिनीने आगाऊ सांगितले. वही पाहिली.’ मग सही केली. जाताना ते धर्माजीपाशी थांबले. "जेवून घ्या आता," म्हणाले.

मंजुरीचं पत्र दिवाळीनंतर आलं. वर्ग बंद होणार नाहीत, विज्ञान केंद्र मिळणार, आठवीचा प्रस्ताव विचाराधीन. खाली एक अट घातली होती. ‘यंत्रावर नारळ अथवा तत्सम वस्तू ठेवण्यात येऊ नये.’ ती अट मॅडमनी चौकटीत घालून बांधावर लावली आहे. रंगू येता-जाता तिला नमस्कार करते, कारण तिला वाचता येत नाही आणि चौकटीत आहे म्हणजे काहीतरी पवित्रच असणार. कामोठ्याचा अर्ज साहिलनं येऊन परत नेला. मी मात्र पुन्हा मिक्सरकडे वळलो आहे.

परवा सकाळी मी सहज बांधावर गेलो होतो. घंटा आता धर्माजीच्या पडवीत टांगली आहे, बंद करायच्या बटणासकट. रात्री तो आडवा होऊन झोपतो असं रंगू सांगते. तो उघाडीवर उभा होता, पहिली फळी दोन्ही हातांत उचलून खाचेवर धरलेली. पाणी खुणेला जेमतेम लागत होतं. त्याचे दंड थरथरत होते.

मी म्हणालो, "धर्माजी, जेवण झालं ना? मग सोड की फळी."

त्यानं मान हलवली. "थांबा जरा," तो म्हणाला. "पोरीची घंटा हाय. तिच्या आधी सोडली तर तिला कसं वाटंल?"

घंटा वाजली. त्यानं फळी सोडली.